भागीरथाबाईची वेगळी चूल

गोमाजीनं बायकोची दुभती शेळी तिला न विचारता आपल्या बहिणीला देऊन टाकली, तेव्हा भागीरथाबाई भांडली नाही. अल्लीपुरातल्या त्यांच्या घराच्या पडवीत तिनं मातीची दुसरी चूल घातली आणि स्वतःपुरत्या भाकरी थापू लागली. घरात दोघंच. कापूस वेचण्यात तिचा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. गोमाजी आत बसून आपल्या हातच्या करपलेल्या भाकरी खायचा आणि घरी सगळं ठीक आहे म्हणून सांगायचा.

एक्कावन्न सालच्या फेब्रुवारीत शाळेचे प्रभाकरराव मास्तर शिरगणतीला आले. एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब, असं त्यांना शिकवलं होतं. आणि शिकवलेलं त्यांनी कधी मोडलं नव्हतं.

"इथं कुटुंबं दोन," मास्तर म्हणाले.

"काऊन? माही बायकोच हाय ते," गोमाजी म्हणाला.

"असेल. तुमचा स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"मग तुमचं कुटुंब तुमच्या एकट्याचं."

भागीरथाबाईनं पडवीतून विचारलं, "अन् माह्या कुटुंबाचा मुख्य कोन, मास्तर?"

"तुम्हीच, बाई."

संध्याकाळपर्यंत हे गावभर झालं. गोमाजीला पारावर बसण्याची सोय उरली नाही.

मग शिरगणतीच्या तपासणीला महादेवराव साहेब मास्तरांना घेऊन आले. एका छपराखाली नवरा-बायकोची दोन कुटुंबं त्यांना पाहवेनात. पण नियमही मोडायचा नव्हता. म्हणून ते म्हणाले, "बाई, एक चूल मोडा. सरकारी काम आहे."

"माही शेळी वापस आणा, मंग पाहू."

"जनावरांची गणती वेगळी असते," साहेबांनी समजावलं.

गोमाजी मात्र उठला, बहिणीकडे गेला, तिच्या शिव्या खाल्ल्या आणि शेळी घेऊन आला. भागीरथाबाईनं शब्द पाळला. आतली, गोमाजीची चूल फोडली. पडवीतली ठेवली.

आता कुटुंब एक झालं. मास्तरांनी तिला मुख्य लिहिलं आणि गोमाजीपुढे, 'मुख्याशी नातं : नवरा.'

"असं कसं लिहिता?" साहेब म्हणाले.

"चूल त्यांची आहे, साहेब. नियमात मनाई दिसत नाही."

साहेबांनी गोमाजीकडे पाहिलं. तो पडवीत जेवायला बसला होता. "राहू द्या ना जी," तो म्हणाला, "मले काई तकलीफ नाई."

महादेवरावांनी नाइलाजानं सही केली आणि शेजारच्या घरात गेले. तिथं एका नवऱ्याच्या दोन बायका होत्या, पण चूल एकच होती. त्यामुळे तिथं काहीच अडचण आली नाही.