निवडून आणलेलं गवत

पंपात तणनाशक भरून झालं होतं. साठीच्या सोजरबाई पंपवाल्यासमोर आडव्या उभ्या होत्या. "आदी मला फवार, मग गवत." आणि ज्या कागदावर ही फवारणी निघाली होती, त्यावर सही माझी होती.

मी चारापिकांची तांत्रिक सहायक. उदगीरजवळच्या एका गावात सोजरबाईंचा दोन एकर माळ आहे. त्यावरच्या जुन्या गवतावर त्यांच्या तीन देवणी गाई जगतात. चारा योजनेत कुंपण मिळावं म्हणून त्यांनी अर्ज केला. ऑफिसनं गवताचा नमुना मागवला. बाई पेंडी घेऊन आल्या. स्वच्छ धुतलेली, मुळं कापलेली, तुरे खुडलेले, वर नुसती पानं.

"कोथिंबिरीवानी निवडून आणलंय मॅडम. हापिसात घाण कशाला?"

गवत ओळखायचं ते मुळावरून, पेरावरून, तुऱ्यावरून. तिथंच सांगायला हवं होतं, की बाई, हे परत न्या. पण मी कसली शहाणी! लिहून मोकळी झाले, 'बहुधा कुंदा'. कुंदा म्हणजे काळ्या रानातलं हटवादी तण. जमिनीखाली जाड कांड्या सोडत पसरतं. रिपोर्टात शंका शोभत नाही म्हणून साहेबांनी 'बहुधा' गाळलं. कुंपण राहिलं बाजूला, फवारणी मंजूर झाली. फोटो अपलोड करायला साहेब जातीनं माळावर हजर, सोबत मी.

मी उकिडवी बसून एक काडी हातात घेतली. पेराभोवती पांढऱ्या केसांचं कडं. मारवेल! पूर्वी कुरणात मुद्दाम लावायचे ते बारमाही गवत, गुरं आवडीनं खातात.

"साहेब, हे मारवेल आहे. चूक माझी."

"तुम्हीच कुंदा लिहिलंत. आता चार केसांवरून रिपोर्ट बदलू?"

"मग खणून बघा. कुंदा असेल तर खाली कांड्या सापडतील."

सोजरबाईंनी लगेच टिकाव आणून दिला. साहेबांनी ठोंब उपटला. बारीक मुळांचा झुबका निघाला, कांडी एकही नाही.

"खोल असेल," साहेब म्हणाले.

इथं मी खरं बोलायला हवं होतं, की कांडी असती तर ठोंबाबरोबरच तिचा तुकडा वर आला असता. पण मला मजा यायला लागली होती. "असेल की साहेब. कुंद्याचा काय भरवसा!"

साहेब खणत सुटले. खड्डा गुडघाभर झाला, शर्ट पाठीला चिकटला. पंपवाला पंप उतरवून बाभळीखाली जाऊन बसला. सोजरबाई वाकून खड्ड्यात बघत होत्या.

"खणायलाव तर अजून वीतभर खणा, सायेब. लिंबाचं रोप हाय घरी, लावून टाकते."

साहेबांनी टिकाव खाली ठेवला आणि पंप परत पाठवला. नव्या रिपोर्टात त्यांनी लिहिलं, 'प्रत्यक्ष खोदकामाअंती मारवेल असल्याची खात्री झाली.' माझ्या चुकीचा त्यात उल्लेख नाही. नमुना मागताना 'मुळासकट, न निवडता' असं आता मी ठळक लिहिते. आणि चूक आपली असेल, तर खणायला निदान हात तरी लावावा. मी लावला नाही. लाज वाटते, पण थोडीच.