उरलेला डोस

लस टोचणाऱ्या नर्सबाईला पोरं लांबूनच ओळखत आणि आईच्या मागे दडत. तिला त्याचं काही वाटत नसे. पोरानं भोकाड पसरेपर्यंत तिची सुई बाहेरही आलेली असे. इतक्या वर्षांत तिनं एक नियम कधी मोडला नव्हता. गोवराच्या लशीची बाटली उघडली, की त्यात उरेल ते त्याच दिवशी टाकून द्यायचं. चांगली लस टाकताना तिचा जीव तुटे, पण टाकी.

मग तो नवा आजार आला. त्यावर ना औषध, ना लस. पोरांना मात्र तो फारसा बाधत नव्हता. दवाखान्यात चहा पिताना कुणीतरी म्हणालं, हा लहानपणीच्या लशींचाच प्रताप असणार. डॉक्टर म्हणाले, असेलही, पण अजून सिद्ध झालेलं नाही. नर्सबाईनं 'असेलही' तेवढं ऐकलं. पुढचं तिला ऐकायचंच नव्हतं, कारण तिचा धाकटा भाऊ बसचा कंडक्टर होता आणि दिवसभर गर्दीत घुसून तिकिटं देत होता.

त्या संध्याकाळी तिनं उरलेला डोस टाकला नाही. भावाला बोलावून टोचला. रडलो नाही म्हणून आता लिमलेटची गोळी दे, असं म्हणून त्यानं तिला हसवलंही.

मास्कचा त्याला आधीपासून वैताग, चष्म्यावर वाफ धरायची. आता आयतंच निमित्त मिळालं. कुणी हटकलं तर ऐटीत सांगे, माझी बहीण नर्स आहे, तिनं माझा बंदोबस्त केलाय. हे तिच्या कानावर आलं होतं. चांगलं खडसावायला हवं होतं. तिनं खडसावलं नाही, कारण मनातून तिचाही त्या सुईवर भरवसा बसला होता.

भाऊ तापला, त्याला दम लागला आणि आठवड्याच्या आत तो गेला. तिला काचेतून बघू दिलं, तेवढंच.

पुढे डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं, पोरं वाचतात ती बहुधा दुसऱ्याच कारणांनी. जुन्या लशींचा आधार धरण्यात अर्थ नाही. ती मान हलवून लशींची बर्फाची पेटी भरत राहिली. घरी जाऊन मात्र ढसाढसा रडली.

काही दिवसांनी भावजय दवाखान्यात आली. खुर्चीत बसून तिनं स्वतःच बाही वर केली.

"ताई, त्यांना दिलीत ती मलाही द्या. तिच्यामुळेच ते तेवढे दिवस तरी झुंजले."

हो म्हणणं किती सोपं होतं. बाटलीत लस होती, आणि भावजयीच्या नजरेतली माया तशीच राहिली असती. पण मग हीदेखील उद्या मास्क काढून फिरली असती.

"ती गोवराची लस होती गं," नर्सबाई म्हणाली. "या आजारावर ती चालते की नाही, मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असल्यासारखी दिली. तो बिनधास्त फिरला तो माझ्या भरवशावर."

भावजयीनं बाही खाली केली. मग ती उठली. जाताना ती 'येते' म्हणाली नाही.