ओवीचं नर्सिंग आणि बाबांचा दंड

गिरीश खैरनारला धक्का बसला की तो एक्सेल उघडतो. गेली सोळा वर्षं तो कतारच्या दोह्यात गॅसच्या प्रकल्पांवर प्लॅनिंग इंजिनियर आहे. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार आणि मध्ये काय काय बिघडू शकतं याचे तक्ते करण्यातच त्याचं आयुष्य गेलंय. त्यामुळे बारावीचा निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी लेकीने जेवता जेवता, "बाबा, आय वॉन्ट टू डू नर्सिंग," असं सांगितलं, तेव्हा तो रागावला नाही की हसला नाही. हातातला घास संपवून उठला, हात धुतले आणि लॅपटॉप घेऊन बसला.

"इट्स नर्सिंग, बाबा. नॉट अ पाइपलाइन," ओवी म्हणाली. आईबापांचं मराठी तिला शब्दन् शब्द कळतं, पण तिचं उत्तर इंग्रजीतच येतं.

"असू दे. तक्ता केलेला बरा असतो," गिरीश म्हणाला.

नर्सिंगचं खूळ ओवीच्या डोक्यात शिरलं ते रक्तदान शिबिरात. मराठी मंडळींनी हिवाळ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये ते भरवलं होतं. रक्त देऊन आलेल्यांना ज्यूस आणि बिस्किटं द्यायची एवढंच ओवीचं काम. पण क्रेन चालवणारा एक धिप्पाड गडी खुर्चीतून उठता उठता डोळे फिरवून कोसळायला लागला, आणि कुणाला काही कळायच्या आत या पोरीने त्याचं डोकं हातांवर झेललं. तो शुद्धीवर येईपर्यंत त्याच्याशी हिंदीत बोलत राहिली.  आणि ज्या मुलीला स्वतःचा टॉवेल कुठे आहे हे आईला विचारावं लागतं, ती त्या रात्री जेवताना, शुद्ध हरपलेल्या माणसाचे पाय का उचलायचे ते समजावून सांगायला लागली. गिरीशही त्या शिबिरात होता. पण तो दाराशी टेबल टाकून नावं लिहून घेत होता. रक्त त्याने दिलं नव्हतं, कारण रजिस्टर सांभाळायला कुणीतरी हवं होतं.

तर तक्ता झाला. लेकीला एकटीला पुण्याला पाठवायचं नाही हे आधीच ठरलेलं, त्यामुळे उरल्या दोन वाटा. एक, दोह्यातच अल थुमामा भागात असलेलं छोटं कम्युनिटी कॉलेज. तिथे रोज सकाळी सातला वर्गात बसायचं. दुसरी, परदेशातलं एक कम्युनिटी कॉलेज, ज्याचा सगळा अभ्यासक्रम ऑनलाइन. गिरीशने बावीस रकाने पाडले. प्रवासाचा वेळ, शिक्षकांची संख्या, परीक्षांची पद्धत, वेबसाइटचा वेगसुद्धा. प्रत्येक रकान्याला गुण दिले आणि बेरीज मारली. ऑनलाइन कॉलेज सत्तावीस गुणांनी पुढे निघालं.

तसं ते निघणारच होतं. लेक अल हिलाल भागातल्या घरच्याच फ्लॅटमध्ये, डोळ्यांसमोर, आपल्याच डायनिंग टेबलावर बसून शिकणार, या एका गोष्टीला त्याने तीन वेगवेगळ्या नावांनी तीन रकाने दिले होते. ओवीचीही काही तक्रार नव्हती. सकाळी सात ही वेळ तिने परीक्षा आणि विमान याखेरीज कधी पाहिली नव्हती. ऑनलाइनचे तास रेकॉर्ड केलेले असतात, कधीही बघता येतात, हे वाचून तिने बापाच्या तक्त्याचं पहिल्यांदाच कौतुक केलं.

अशा रीतीने बापलेकीचं एकमत झालं. दोघांची कारणं वेगळी होती, पण ती एकमेकांना विचारायची गरज कुणालाच वाटली नाही.

मालविकाला, गिरीशच्या बायकोला, मात्र चैन पडेना. ती एका शाळेत ग्रंथपाल आहे आणि औषधाच्या डबीतला घडी घातलेला कागदही शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. ती म्हणाली, "अहो, पण पेशंट कुठेय यात?"

"म्हणजे?"

"बावीस रकाने आहेत. पेशंटचा एकही नाही."

"ते सगळं व्हिडिओत असतं," गिरीश म्हणाला. "आता माझ्याच मीटिंगा बघ. अख्खा कंप्रेसर आम्ही स्क्रीनवर बघून बसवतो."

ऑफिसमध्येही त्याने हाच कंप्रेसर सांगितला. शेजारच्या टेबलावरचा रमीज हैदराबादचा, ऐकून घेणारा माणूस. त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि अगदी गंभीरपणे विचारलं, "खैरनार भाई, इंजेक्शन भी मीटिंग में लगाएगी क्या?" गिरीश हसला, पण दुपारभर ते वाक्य त्याला टोचत राहिलं.

शेवटी त्याने ठरवलं, दर्जा तपासून बघायचा. ऑनलाइन कॉलेजचा दोन आठवड्यांचा फुकट चाचणी कोर्स होता. ओवीच्या नावाने नोंदणी झाली. पहिल्या दिवशी बापलेक शेजारी बसले. दुसऱ्या दिवशी ओवीला जांभया आल्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, यू चेक द क्वालिटी," आणि झोपायला गेली.

गिरीशने क्वालिटी चेक केली. पहिल्यांदा नुसतं बघायला म्हणून, मग वहीत टिपणं काढायला म्हणून, मग वहीत हृदयाचं चित्र काढून त्याला लाल-निळा रंग देण्यासाठी. वरणभात जेवताना तो घरच्यांना प्रश्न विचारायला लागला. रक्तदाबाचे दोन आकडे असतात, वरचा म्हणजे काय, खालचा म्हणजे काय, आहे कुणाला माहिती? कुणाला माहिती नसलं की तो स्वतः सांगायचा, आणि असलं तरी सांगायचा. हात कसे धुवावेत याचा धडा झाल्यावर तर मालविकाला बेसिनपाशी रांगेत उभं राहावं लागलं.

दोन आठवड्यांनी सर्टिफिकेट आलं. कुमारी ओवी गिरीश खैरनार, शहाण्णव टक्के, रक्तदाबाच्या धड्यात पैकीच्या पैकी.

मालविकाने ते वाचलं आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "अभिनंदन, ओवीताई. आता ॲडमिशन कोणाची बघायची ते सांगा."

त्याच रात्री तिने त्या कॉलेजचं माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलं. छत्तिसाव्या पानावर, तळाशी, बारीक अक्षरात एक ओळ होती. विद्यार्थ्याने ठरावीक तास प्रत्यक्ष रुग्णालयात काम करणं आवश्यक आहे, आणि त्याची व्यवस्था त्याने आपल्या परिसरात स्वतः करावी.

गिरीशला वाटलं, एवढंच ना. त्याने चार रुग्णालयांना फोन लावले. चारही ठिकाणी माणसं अतिशय अदबीने बोलली. चारही ठिकाणी एकच विचारलं, इथल्या कॉलेजचं पत्र आहे का? त्याने परदेशातल्या कॉलेजला ईमेल केली. त्यांचंही उत्तर अदबीचंच होतं. आपल्या परिसरातल्या रुग्णालयाशी आपण स्वतः संपर्क साधावा, आपल्याला शुभेच्छा.

दोन दिवस गेले. मग त्याने तेविसावा रकाना पाडला आणि त्यात काय लिहावं ते न सुचून लॅपटॉप बंद केला.

"शनिवारी त्या थुमामाच्या कॉलेजात पालकांना बोलावलंय. नुसतं बघून येऊ," मालविका म्हणाली. ओवीने किती वाजता ते विचारलं. नऊ म्हटल्यावर तिने उसासा टाकला, पण आली.

कॉलेज खरंच छोटं होतं. एक लांब वर्ग होता आणि त्याच्या मागे रुग्णालयासारखीच मांडणी केलेली खोली. सहा पलंग, पाचांवर रबरी पुतळे निजलेले. शिकवणारे इलियास सर केरळचे, पन्नाशीचे, बुटके, शांत. नर्सिंग शिकवायला पुरुष बघून गिरीश जरा चपापला आणि आपण चपापलो याचीच त्याला लाज वाटली. सरांनी पालकांना सगळं दाखवलं आणि मग विचारलं, सहाव्या पलंगावर कुणी आडवं होईल का? मुलींना खऱ्या माणसाचा रक्तदाब घ्यायचाय.

शहाण्णव टक्केवाला माणूस मागे कसा राहणार? गिरीशने बूट काढले.

तिथे शिकणारी एक नेपाळी मुलगी पुढे आली. तिने त्याचं नाव विचारलं, बाही वर करू का म्हणून परवानगी घेतली आणि उजव्या दंडाला पट्टा बांधला. गिरीशने तिला सांगायला सुरुवात केली की पट्टा कोपरापासून दोन बोटं वर हवा, आणि वरचा आकडा म्हणजे हृदय आकुंचन पावतं तेव्हाचा.

"करेक्ट, सर," इलियास मागून म्हणाले. "अब बात मत कीजिए. बोलने से बढ़ता है."

मुलीने रबरी फुगा दाबला, स्टेथोस्कोप लावून ऐकलं, हवा सोडली. मग तिने पुन्हा फुगा दाबला. दुसऱ्या वेळी तिने आकडा लिहिला नाही, सरांकडे बघितलं. सर आले, दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला, स्वतः ऐकलं.

"एक सौ चौहत्तर, एक सौ छह."

"मशीन में कुछ प्रॉब्लेम होगा," गिरीश म्हणाला.

"इसमें मशीन है ही नहीं, सर. मेरे कान हैं." इलियासांचा आवाज चढला नव्हता. "गोली कौन सी लेते हैं?"

"मैं? कुछ नहीं. मैं तो एकदम फिट हूं."

"लास्ट टाइम कब चेक किया था?"

गिरीश आठवायला लागला. नोकरीला लागतानाची तपासणी आठवली, तेव्हा ओवी दोन वर्षांची होती. त्यानंतर प्रत्येक वेळी काही ना काही निघालं होतं. कधी प्रकल्पाची मुदत, कधी सुट्टी, कधी रजिस्टर. मालविकाने ती वर्षं बोटांवर मोजली.

सरांनी त्याला पंधरा मिनिटं पडून राहायला लावलं. छताकडे बघत पडलेल्या गिरीशला एक विचित्र गोष्ट जाणवली. त्या मुलीने त्याचं मनगट सोडलं नव्हतं. नाडी मोजून झाली होती, तरी तिची तीन बोटं तिथेच होती. तिचा हात गार होता. व्हिडिओत हे सगळं होतं, बोटं कुठे ठेवायची त्याला लाल बाणसुद्धा होता. पण आपण घाबरलोय हे त्या बोटांना कळलंय, असं त्याला आत्ता वाटत होतं.

ओवी पलंगाच्या पायथ्याशी बापाचे बूट, चष्मा आणि मोबाइल हातात घेऊन उभी होती. ती रडली नाही, इंटरनेटवर काही शोधायलाही गेली नाही. ती त्या मुलीच्या हाताकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने सरांना विचारलं, पट्टा मी बांधून बघू का? त्यांनी होकारार्थी मान डोलावली. तिने बांधला तो उलटा. नेपाळी मुलीने न हसता सोडून परत दिला. दुसऱ्यांदा नीट बसला.

पुन्हा मोजलं, तरी आकडा फारसा उतरला नव्हता. "आज ही हेल्थ सेंटर जाइए," इलियास म्हणाले. "और गाड़ी आप नहीं चलाएंगे."

गाडी मालविकाने चालवली. गिरीश शेजारी हातावर हात ठेवून बसला होता. सिग्नलला थांबल्यावर तो म्हणाला, "धड्यात पैकीच्या पैकी होते गं मला."

"होते ना. मी वाचलं की सर्टिफिकेट."

मागून ओवी हसली. मग गिरीशही हसला, आणि मालविकाने त्याला बोलायचंही नाही आणि हसायचंही नाही म्हणून दटावलं.

डॉक्टरने गोळी सुरू केली, मीठ कमी केलं, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. त्या आठवड्यात ऑनलाइनचं नाव घरात कुणी काढलं नाही. रविवारी ओवीने स्वतःच थुमामाच्या कॉलेजचा फॉर्म भरला. मुलाखत इलियास सरांनीच घेतली. ऑनलाइन का नको, असं त्यांनी विचारलं, तर ती म्हणाली की ऑनलाइन मी झोपते, सर. हे उत्तर फॉर्मवर लिहिण्यासारखं नव्हतं, पण तिला प्रवेश मिळाला. गिरीशला ती निराळंच सांगायची, की व्हिडिओत चुकलं तर मागे जाता येतं, म्हणून लक्ष लागत नाही. कुठलं कारण खरं, हे तिलाही नक्की माहीत नसावं.

सकाळी सातचा वर्ग म्हणजे सहाला निघायचं. पहिले पंधरा दिवस घरात रोज युद्ध व्हायचं. अलार्म तीन, हाका दहा, आणि शेवटी "यल्ला, चल आटप, ओवी" अशी मालविकाची आरोळी. कॉलेजला सोडायचं काम गिरीशने घेतलं, गोळी लागू पडल्यावर. लेकीला सोडून तो तिथल्याच बागेला चार फेऱ्या मारतो आणि मग ऑफिसला जातो. आकडा आता एकशे तीसच्या आसपास असतो. ओवी शुक्रवारी घरी मोजते, आणि तो बोलायला लागला की थांबते.

मार्चमध्ये तिची रुग्णालयातली पहिली पाळी लागली. दुपारी तो तिला घेऊन आला. ती घरात येऊन खुर्चीत बसली, बूटही काढले नाहीत. मग तिने सांगितलं. एक म्हातारी सुदानी बाई होती, हात थरथरायचे, कुणाला जवळ येऊ देत नव्हती. ओवीला तिचं अंग पुसून द्यायचं होतं. भाषा येत नाही, काय करणार? तिने आधी स्वतःचा हात गरम पाण्यात बुडवून दाखवला, मग त्या बाईचा घेतला. अर्धा तास लागला. शेवटी बाईने स्वतःच वेणी सोडली आणि पाठ वळवली.

"मग किती मार्क मिळाले?" गिरीशने विचारलं. सवयीने विचारलं.

"नो मार्क्स, बाबा. शी जस्ट वॉन्टेड हर हेअर कोम्ब्ड."

गिरीश उठला आणि चहा करायला गेला. आलं किसलं, दूध जरा जास्त घातलं. चहा घेऊन आला तेव्हा ओवी खुर्चीतच झोपली होती, बुटांसकट. त्याने कप टेबलावर ठेवला, खाली वाकून तिच्या बुटांच्या नाड्या सोडल्या आणि मालविकाला हळूच सांगितलं की अजून तासभर तिला उठवू नकोस.