पुन्हा घे

नवऱ्याच्या डायलिसिसला मी सोबत जाते. शेजारच्या खाटेवर रेवा असते, जेमतेम तेरा वर्षांची. तिला गायिका व्हायचंय. तिच्या हाताला नळ्या लागल्या, मशीन सुरू झालं, की गाण्याच्या बाई उशाशी बसतात आणि मोबाइलवर तानपुरा लावून तिला शिकवतात.

काल ती गायली आणि आमच्या डोळ्यांत पाणीच आलं. "किती गोड गं!" सिस्टर म्हणाल्या.

"गंधार उतरला," बाई म्हणाल्या. "पुन्हा घे."

मला रागच आला. एवढ्याशा आजारी पोरीला तरी सोडावं की! रेवानं मात्र ओठ ओले केले आणि पुन्हा घेतला.

"अजून जरा वर."

पुन्हा घेतला.

निघताना बाई म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी हा पलटा दुप्पट लयीत हवा. सबबी ऐकणार नाही."

रेवाचा चेहरा असा काही उजळला!

आम्ही सगळे तिला आजचंच विचारतो. आज बरं वाटतंय का, आज जेवलीस का. आमचं कौतुकही आजच्यापुरतंच. तिचा पुढचा मंगळवार गृहीत धरणाऱ्या तेवढ्या बाईच.

तानपुरा बंद झाला होता. रेवा डोळे मिटून, मशीनच्या घरघरीत, गंधार शोधत होती.