दोन श्रींची शिवराई

रविवार पेठेत माझं पारखीचं दुकान होतं. दुकान म्हणजे घराची पुढची ओटी. लोक नाणी घेऊन यायचे, मी ती एकेक करून दगडी पाटीवर टाकायचो, आवाज ऐकायचो आणि खरं की खोटं ते सांगायचो. तेव्हा पुण्यात कितीतरी टांकसाळींचे रुपये फिरत असत. दिसायला एकसारखे, पण एकात चांदी जास्त, दुसऱ्यात कमी. अशा बाजारात पारख्याच्या कानावर लोकांचा भरवसा असे, आणि माझे कान चांगले होते.

माझ्या मुलीला मात्र ऐकू येत नव्हतं. ती तीन वर्षांची असताना देवी आल्या. जीव वाचला, पण कान गेले, आणि तोंडात आलेले चार शब्दही पुढच्या वर्षभरात एकेक करून विरून गेले. पोर दिवसभर माझ्यासमोर ओटीवर बसायची. मी नाणं टाकलं की ती पाटीवर बोटं टेकवायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. मी मान हलवली तर तीही हलवायची.

धंद्यात हाताखालून जाणाऱ्या नाण्यांतलं एखादं मला आवडे. मग पदरचं दुसरं नाणं देऊन मी ते ठेवून घेई. अशी वीसेक नाणी एका शिसवी डबीत जमली होती. तुरीच्या डाळीएवढा एक जुना सोन्याचा होन होता, दक्षिणेकडचं एक सोन्याचं नाणं होतं, रुपये तर आठ-दहा तऱ्हांचे. बायको म्हणायची, "अहो, नाणं खर्चायचं तरी असतं नाहीतर पुरायचं तरी. तुम्ही नुसतं बघता!"

त्या सगळ्यांत माझं लाडकं नाणं होतं तांब्याची एक शिवराई. बाजारात तिची काही मातब्बरी नव्हती. मुलगी सहा वर्षांची असताना एका तेल्यानं शिवराई नाण्यांचा ढीग ओतला होता. तिनं त्यातली एक उचलली, बोटानं चाचपली, आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. मी मूठ उघडून पाहिलं. ठसा दोनदा बसल्यामुळे 'श्री' हे अक्षर दोनदा उमटलं होतं, एकात एक अडकलेलं. हजारात एखादं असं निघतं. माझ्याही नजरेतून ते सुटलं असतं. मी तिच्याकडे पाहून हसलो आणि ती मोठ्यानं हसली. शब्द विरल्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं हसू. बायको चुलीपुढून धावत बाहेर आली, तिला वाटलं पोर रडते आहे.

त्या दिवसापासून ती शिवराई मुलीच्या जुन्या खणाच्या तुकड्यात गुंडाळून मी डबीत ठेवली. सोनं तसंच उघडं असे. मला त्यात काही विपरीत वाटलं नव्हतं.

पुढे सहा वर्षांनी, दिवाळीच्या दिवशी, सकाळची अंघोळ उरकून मी ओटीवर आलो तो मुलगी दारापाशी उभी होती. दाराची कडी बारीक थरथरत होती आणि ती तिच्यावर बोट ठेवून माझ्याकडे बघत होती. मग मला ऐकू आलं. हडपसरच्या बाजूनं तोफा सुरू झाल्या होत्या. दुपारपर्यंत गल्लीत बातमी आली की आपली फौज हरली, राज्याचे धनी शहर सोडून निघून गेले. फराळाची ताटं तशीच झाकून राहिली.

पहिले काही दिवस बरे गेले. जिंकलेल्या फौजेच्या चौक्या बसल्या, दवंडी पिटली, रयतेनं भिऊ नये म्हणून सांगितलं. मग हळूहळू याद्या निघू लागल्या. कोणाच्या घरी काय असेल याच्या. याद्या करायला परकी माणसं लागत नव्हती, आमच्याच पेठांतली माणसं नावं सांगत होती. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. कोणी ओटीसमोरून गेलं तरी मी हातातलं नाणं मुठीत लपवी.

बायको म्हणाली, "आपण माझ्या भावाकडे जाऊ. पौडाकडे अजून कोणी गेलेलं नाही."

"वाटेत चौक्या आहेत."

"लोक जाताहेतच की."

"लोकांना 'थांब' म्हटलेलं ऐकू येतं," मी म्हणालो. "ही चालत राहील, आणि तो बंदूक उचलेल."

आम्ही राहिलो.

ते आले तेव्हा भर दुपार होती. तीन शिपाई आणि एक कारकून. कारकून तरुण होता, स्वच्छ अंगरखा, बोलणं मऊ, आपल्याच मुलखातलं. बायकोनं मुलीचं मनगट धरून तिला धान्याच्या कणगीमागे नेलं होतं. शिपायांनी जमीन ठोकून पाहिली, चुलीची राख उपसली, तुळस उपटली. शेवटी डबी सापडली. कारकुनानं ती ओटीवर उघडली आणि नाणी बोटानं सरकवत राहिला. मग खणाचा तुकडा सोडला.

"वा," तो म्हणाला. "सोनं उघड्यावर आणि तांबं खणात. पुण्याची रीतच निराळी."

त्याच वेळी मुलगी दारात येऊन उभी राहिली. आईचा हात तिनं कसा सोडवला कोण जाणे. फटीतून डबी दिसली असावी. तिनं सरळ त्या शिवराईकडे बोट केलं आणि हात पुढे केला, जसा ती माझ्याकडे करायची.

"ही कोण?"

"मुलगी. ऐकू येत नाही तिला. बोलताही येत नाही."

"सोयीचं आहे," कारकून म्हणाला आणि तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिला. ती नजर मला आजही आठवते. त्यात वाईट हेतू नव्हता. तो विचार करत होता, एवढंच. त्यालाच मी जास्त भ्यालो.

त्यांनी मला डबीसकट बुधवार पेठेतल्या एका मोठ्या घरात नेलं. मालक पळून गेले होते आणि चौकात फौजेचं ठाणं होतं. तिथे आणखी सात-आठजण बसवून ठेवले होते. त्यातल्या एका सावकाराला मी ओळखत होतो. त्याच्या तोंडाला घोड्याला दाणा चारायचा तोबरा बांधला होता आणि त्यात राख भरली होती. तो श्वास ओढायचा तेव्हा आतून जो आवाज यायचा तो मला कशासारखा सांगता येणार नाही. आयुष्यभर मी आवाज ऐकून पोट भरलं. त्या चौकात मात्र कान बंद करता आले असते तर बरं, असं वाटलं. हात बांधलेले होते.

कारकुनानं मला पुढे बसवलं. शेजारी जमादार उभा.

"हे बघा," कारकून म्हणाला, "होन ठेवला, समजलं. मोहर असती तर तेही समजलं असतं. पण ह्या फुटक्या पैशाला एवढं जपता. यावर अक्षर दोनदा आहे. ही खूण कशाची? पुरलेलं कुठे आहे?"

"खूण नाही. ठसा चुकलेला आहे."

"मग जपायचं कारण?"

मी खरं सांगितलं. मुलीनं निवडून दिली, ती तेव्हा हसली, म्हणून ठेवली. बोलताना माझ्याच कानाला ते खोटं वाटत होतं. जमादार खो खो हसला. कारकून हसला नाही.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मुलीलाच आणू. तिनं बोट दाखवलंच होतं. जागाही बोटानं दाखवील."

तिला इथे आणतील, प्रश्न विचारतील, तिला ऐकू येणार नाही, ते समजतील सोंग आहे. पुढचं मला दिसत होतं, कारण समोरच तो तोबरा होता.

"साहेब, मी खोटं बोललो," मी घाईनं म्हणालो. "मुलीचा काही संबंध नाही. ती चमकेल त्याला बोट लावते. वाईट ठशाचं नाणं गिऱ्हाइकाला दाखवायला ठेवतो मी. वानगी म्हणून. त्यात काही जीव नाही माझा."

"जीव नाही?"

"नाही."

"मग फोडा," कारकून म्हणाला. "आत काही आहे का तेही कळेल."

त्यानं माझे हात सोडवले. माझ्याच दुकानातून आणलेली छिन्नी आणि हातोडा पुढे टाकला. खोटं नाणं आम्ही असंच तोडतो, पुन्हा बाजारात जाऊ नये म्हणून. मी हजारो तोडली असतील. शिवराई जोत्याच्या दगडावर ठेवली, दोन 'श्री' जिथे अडकले होते तिथेच छिन्नी लावली. हात थरथरला असता तर त्याला कळलं असतं. हात थरथरला नाही. एका घावात दोन तुकडे झाले.

कारकुनानं तुकडे उचलून कडा पाहिल्या, अंगठ्यानं घासल्या आणि धुळीत टाकून दिले. मग डबीतली बाकीची नाणी आपल्या कमरेच्या थैलीत ओतली आणि म्हणाला, "जा. उगाच वेळ घेतलात."

मी उठलो. तुकडे माझ्या पायापाशी पडले होते, वाकलो असतो तर हाताला लागले असते. तो बघत होता की नाही मला माहीत नाही, मी मान वर केली नाही. त्यांच्यावरून पाय टाकून मी बाहेर पडलो.

घरी बायको उंबऱ्यात बसली होती. मला पाहून ती नुसती भिंतीला टेकली. मुलगी पुढे आली. तिनं आधी माझं तोंड चाचपलं, मग हात. मग माझी मूठ धरून एकेक बोट उघडलं. मूठ रिकामी होती. तिनं हातानं लहानसा गोल केला आणि भुवया उंचावल्या.

मी दोन्ही मुठी जोडून काडी मोडावी तशा मोडून दाखवल्या.

तिनं विचारलं, कोणी? आमच्यात त्याची खूण होती, हवेत बोट फिरवून माणसं मोजायची. मी दाराबाहेर, बुधवार पेठेच्या दिशेनं बोट केलं. ती दाराकडे बघून थुंकली. असं तिनं आधी कधी केलं नव्हतं. बायकोनं तिला आत ओढून घेतलं.

महिन्याभरानं चौक्या सैल झाल्या तेव्हा आम्ही पौडाकडे गेलो, दोघांच्या मध्ये मुलीला घट्ट धरून. शहर निवळल्यावर परतलो. ओटी पुन्हा लावली, पण नाणी साठवणं सोडलं. बायकोनं एकदा आपणहून एक वेगळ्या ठशाची शिवराई आणून दिली. मी ती दुसऱ्याच दिवशी मिठाला दिली. आता कोणी सहज विचारलं, "हे तुम्हाला फार आवडतं वाटतं?" तर मग ते उपरणं असो की पानाचा डबा, मी पटकन "छे, छे," म्हणतो आणि ते बाजूला सारतो.

मुलीचं लग्न झालं नाही. ती आमच्याजवळच असते. कानाची बाजू मी सांभाळतो, ठशाची ती. अलीकडे गिऱ्हाइकं तिच्याच बोटांवर जास्त विश्वास ठेवतात. बायकोला मी खरं काय ते सांगितलं, मुलीला अजून नाही. आमच्या खुणांत सांगणं अवघड नाही, छिन्नी कशी धरतात हे तिला माहीत आहे. पण तिच्यासमोर तसा हात धरायची मला अजून भीती वाटते.