बॉनेटवरची वीतभर जागा

विषय : गाडीच्या रंगावर मातीची वडी फिरवणे.
संदर्भ : नशिराबाद रस्त्यावरचं योगेशचं गाड्या चमकवण्याचं दुकान, आणि त्यापुढच्या बाकावर रोज सकाळी बसणारे आम्ही निवृत्त कारकून.

उपरोक्त विषयी कळवण्यात येते की, ऑफिसात फायली साचायच्या, इथे किस्से साचतात. फरक एवढाच की किस्से कुणीतरी उघडतं.

ही माती कुंभाराची नव्हे. मळलेल्या कणकेसारखी वडी. रंगावर फवारा मारून ती हलक्या हाताने फिरवली, की धुऊनही न निघणारे डांबराचे, धुळीचे कण तिला चिकटून येतात. खरखर कुठे आहे हे कळावं म्हणून योगेश आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घालून गाडी चाचपतो. पिशवीतून बारीक कणही बोटांना लागतो.

हे पाहून भडगावच्या आबांनी पिशवी चढवली आणि रस्त्यावर उभ्या गाड्या तपासत सुटले. एका अनोळखी मालकाला गंभीरपणे म्हणाले, "भाऊ, तुमनी गाडीले बठ्ठा आंगवर काटा येल शे!"

"मंग तिले स्वेटर घालू का, आबा?" मालक म्हणाला.

आबा तीन दिवस बाकावर आले नाहीत.

अमळनेरच्या एका शेठना योगेशने वडी घरी वापरायला दिली. बजावलं, खाली पडली तर फेकून द्या. पडली. शेठनी फुंकली आणि पुढे घासली.

"पडलेलं फेकत बसलो तर धंदा कसा व्हायचा?"

आता ऊन पडलं की त्यांच्या गाडीवर ओरखड्यांचं कोळ्याचं जाळं दिसतं. भांडण मात्र योगेशशी झालं. तेव्हा मीच त्याला नियम घालून दिला : मालकाच्या लेखी सूचनेशिवाय ठरल्या कामात कमी नाही, जास्त नाही.

मग आमच्या नानांची पांढरी गाडी आली. ती मुलाच्या नावावर. मुलगा पुण्यात, त्याने ती विकायला गिऱ्हाईक ठरवलंय, गाडी चकचकीत हवी. योगेशचा पिशवीतला हात बॉनेटवर अडकला.

"नाना, इथे कुंकू बसलंय. निघून जाईल."

दसऱ्याला नानांच्या पत्नीने, अक्कांनी, बोटाने काढलेलं स्वस्तिक. दिवाळीनंतर अक्का गेल्या.

"तेवढं राहू दे," नाना म्हणाले.

"गाडी दादाच्या नावावर शे, त्याचं लेखी आणा, नाना. नियम शे."

नियम करणारा मीच. मग अर्जही मीच लिहिला : 'बॉनेटवरील सुमारे एक वीत जागा मातीतून वगळण्यात यावी.' कारणाच्या जागी काय लिहू, विचारलं. नाना म्हणाले, "त्याले माहीत शे."

अर्जाचा फोटो मुलाला पाठवला. त्याने तो पाहिल्याची खूण आली.

बाकी गाडी आरशासारखी होऊन दुकानापुढे उभी आहे. नाना रोज येतात, पिशवी हातावर चढवतात, त्या जागेवरून एकदा हात फिरवतात आणि बाकावर येऊन बसतात.

अर्ज प्रलंबित आहे.