भिंगकाकांनी बंद केलेली गोळी

छापखान्यात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. खिशात पेन नसेल एकवेळ, पण भिंग असायचंच. सव्वीस वर्षं एकाच छापखान्यात, एकाच खिडकीशी बसून त्यांनी प्रुफं वाचली होती. प्रश्नपत्रिका, साबणाची वेष्टनं, लग्नाची आमंत्रणं, बसची वेळापत्रकं, जे म्हणून छापायला येईल ते आधी काकांच्या टेबलावर. कुणी चूक राहिल्याची तक्रार घेऊन आलंच, तर मालक जागेवरून न उठता म्हणायचे, "शक्य नाही. तुम्हीच परत वाचा."

या कामात माणसाला एक खोड लागते. प्रुफं वाचणारा अर्थ वाचत नाही. अर्थाच्या नादी लागलं की डोळा पुढे पळतो आणि चूक मागे राहते, हे काकांनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं. ते नुसती अक्षरं बघत, ओळ सरळ आहे का बघत, शाई कुठे पसरली का बघत. आख्खी कादंबरी तपासून झाल्यावर तिच्यात शेवटी कोण मेलं असं विचारलंत, तर काका तुमच्या तोंडाकडे बघत राहणार. "एवढं वाचता, डोक्यात शिरतं का काही?" असं काकू विचारायच्या. "शिरू द्यायचं नसतं, त्याचाच तर पगार मिळतो," हे काकांचं उत्तर ठरलेलं.

तीनेक वर्षांपूर्वी हा माणूस खचला. कारण शोधत बसू नका, घरच्यांनाही ते सापडलं नाही. सकाळी उठवेना, घास गिळवेना, खुर्चीत बसले की संध्याकाळपर्यंत तिथेच. काकू बालवाडीत शिकवायच्या. शाळा सुटली की धावत घरी यायच्या आणि कुलूप काढण्याआधी दाराला कान लावायच्या. शेवटी त्यांनीच काकांना मनाचे आजार बघणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली. दोनेक महिन्यांनी काका आपणहून आंघोळ करून कामाला निघाले, तेव्हा काकू न्हाणीघरात नळ मोठा सोडून पोटभर रडल्या आणि मग डोळे पुसून शाळेत गेल्या.

वर्ष गेलं. सगळं सुरळीत झालं आणि नेमकं तेव्हाच काकांना नको ते शहाणपण सुचलं. डबा खाताना मशीनमन सहज बोलून गेला, "काका, अजून गोळ्या चालूच? ठणठणीत तर दिसता!" तो हात धुवून मशीनवर गेला, पण काकांच्या मनात ते रुतून बसलं. खरंच की, आता आपल्याला काय धाड भरलीय? जास्तीचं दिसलं की पेन्सिलीने उडवायचं, ही त्यांची जन्माची सवय. तरी त्यांनी आपल्या परीने चौकशी केली हो. गोळीच्या खोक्यातला घडीचा कागद काढला, टेबलावर पसरला आणि भिंग लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि सोमवारपासून गोळी बंद. काकूंना चकार शब्द सांगितला नाही. महिनाभराने सांगून त्यांना चकित करायचं होतं!

दोन दिवस काही झालं नाही. काका शीळ घालत दाढी करत होते. बुधवारी नवं वेळापत्रक समोर आलं. पानभर आकडेच आकडे. ओळीच्या टोकाला गेलेली नजर पहिल्या रकान्याकडे वळवली, तसा डोक्यात झटका बसला, ओल्या हाताने बटण दाबल्यावर बसतो तसा. पुढच्या ओळीला पुन्हा तेच. दुखत नव्हतं, पण प्रत्येक वेळी पायाखालची फरशी हलल्यासारखी व्हायची आणि पोटात ढवळून यायचं. झोपेत स्वप्नं तर अशी पडायला लागली की सकाळी घामाने सदरा भिजलेला. रविवारी टीव्हीवर पंख्याची जाहिरात लागली आणि काकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "काय झालं हो?" काकूंनी घाबरून विचारलं. "सर्दी," असं म्हणून काका उठून गेले.

मंगळवारी टायपिंगवाली ताई तपासलेलं पान घेऊन त्यांच्या टेबलाशी आली. दोन मुलांची आई, बारा वर्षं काकांच्या शेजारी बसून काम केलेली. ती हळूच म्हणाली, "काका, चार नंबरची सहाची बस दोनदा पडलीय, आणि सातची गायबच आहे. खाली तुमची सही आहे म्हणून विचारलं."

"तू मला शिकवू नकोस!" काका ओरडले. "स्वतःचं टायपिंग बघ आधी! अक्कल आहे का?"

मशीनमन मशीन थांबवून बघायला लागला. सव्वीस वर्षांत काकांचा आवाज असा चढलेला कुणी ऐकला नव्हता. काकांनी पान हिसकावून घेतलं, भिंग लावलं, आणि चूक दिसली. ते मागच्या कागदाच्या खोलीत गेले आणि एका गठ्ठ्यावर बसून हुंदके देऊन रडले. आजार परत आला. पुन्हा ती खुर्ची, पुन्हा ते दाराला कान लावणं. एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं, पण मागोमाग दुसरा विचार आला, अगदी शांतपणे आला: आपण नसलोच, तर सगळ्यांचीच सुटका होईल. त्या विचाराची काकांना भीतीही वाटली नाही, आणि हेच सगळ्यात वाईट होतं.

एवढी बोलणी खाऊनही ताईने रुसवा धरला नाही, देव तिचं भलं करो. तिने सरळ काकूंना फोन लावला. काकू रिक्षाने आल्या, काकांना घरी घेऊन गेल्या, पाणी दिलं आणि समोर बसल्या. "आता खरं सांगा."

"गोळी बंद केलीय. नऊ दिवस झाले."

काकूंनी कपाळावर हात मारला. "कुणाला विचारून?"

"कागद वाचला होता मी. सगळा वाचला."

काकूंनी ड्रॉवर उघडून तो कागद काढला. समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा. "हे काय?"

"चुका. सोळा निघाल्या. फार वाईट छपाई आहे," काका म्हणाले.

काकूंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हे औषध अचानक थांबवू नये. तसे केल्यास चक्कर, मळमळ, डोक्यात विजेसारखे झटके, भीतिदायक स्वप्ने, चिडचिड, रडू येणे..." त्या थांबल्या. त्याच ओळीच्या शेजारी काकांची खूण होती. ओळ खाली घसरलीय, वर घ्यावी. "वाचलं होतंत ना हे?"

"ओळ वाकडी होती गं," काका पुटपुटले. मग त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि हसता हसता पुन्हा रडू फुटलं.

संध्याकाळी दोघं दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "कुणी सांगितलं बंद करायला?"

"मीच ठरवलं."

"वा! मग आजची फी पण स्वतःलाच द्या." पण लगेच त्या समजावून सांगायला लागल्या. जुना आजार उलटतो तो सहसा हळूहळू, आठवड्या-महिन्यांनी. गोळी थांबवल्यावर तिसऱ्या दिवशी झटके बसले, म्हणजे हे बहुतेक ती एकदम तोडल्याचं आहे. शरीराला तिची सवय झालेली असते. उद्यापासून पूर्वीचीच मात्रा घ्यायची, चुकलेल्या गोळ्या भरून काढायला जास्तीच्या घ्यायच्या नाहीत. त्रास काही दिवसांत उतरेल. पुढे खरंच सोडायची वेळ आली की दोघांनी मिळून, थोडी थोडी कमी करत, महिने लावून सोडायची. "आणि जगणं नकोसं वाटल्याचं काही मनात आलं होतं का?"

काकांनी काकूंकडे बघितलं नाही. "एकदा आलं. वाटलं, मी नसलो तर हिची सुटका होईल."

बाईंनी बराच वेळ त्याबद्दल विचारलं, आपला फोन नंबर दोघांना दिला आणि चौथ्या दिवशी परत बोलावलं. बसथांब्यावर उभं राहिल्यावर काकूंनी काकांचं मनगट पकडलं. "माझी सुटका? मी मागितली होती?" दोन बसगाड्या आल्या आणि गेल्या, तरी काकूंनी मनगट सोडलं नाही.

तीन-चार दिवसांत झटके थांबले. काकांनी ताईची माफी मागितली, सगळ्यांसमोर, उभं राहून. मशीनमन आता कुणालाच औषधांवरून काही बोलत नाही, त्याने कानाला खडा लावलाय. पुढे आठ महिने तब्येत चांगली राहिल्यावर बाईंनी गोळीची मात्रा उतरवायला घेतली. एकदा मधेच गरगरायला लागलं, तर पुन्हा एक पायरी वर जाऊन महिनाभर थांबायला लागलं. काकांनी कुरकुर केली नाही.

शेवटची गोळी एका शनिवारी संपली. काकूंनी रिकामं पाकीट हातात घेतलं. "तो विचार परत आला तर?"

"तुला सांगेन," काका म्हणाले.

"कधी?"

"त्याच दिवशी."

"दिवस फार मोठा असतो. तेव्हाच्या तेव्हा सांगायचं. मी वर्गात असले तरी फोन करायचा. मुलं थांबतील."

"तेव्हाच्या तेव्हा सांगेन."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. "परत म्हणा."

काकांनी हातातलं भिंग बाजूला ठेवलं आणि एकेक शब्द नीट उच्चारून परत म्हटलं.